मागाचं शेवटचं गिऱ्हाईक

लग्नकार्यात एखादी नवीन पाहुणी भेटली, की ‘तुम्ही कुठं होता नोकरीला?’ हा प्रश्न येतोच. ‘माती तपासायच्या प्रयोगशाळेत’ म्हटलं, की ती ‘हो का’ म्हणून जिलबीकडं वळते. म्हणून अलीकडं मी खरं काय ते सांगते. ‘जमिनीत कापड पुरायचं आणि ते कुजलं का बघायचं, याचा मला पगार मिळत होता.’ मग जिलबी तशीच राहते आणि पाहुणी खुर्ची ओढून जवळ येते. या अंकाच्या संपादकीणबाई मला अशाच एका मांडवात भेटल्या आणि म्हणाल्या, हे लिहून द्याच. लिहायला बसले तर नोकरीतले साहेब, बदल्या, बढत्या कुठल्या कुठं गेल्या आणि एक माळ, एक जांभूळ आणि माझे आप्पा तेवढे पुढं आले.

आम्ही वडगावचे विणकर. घरात शिरलं की उजव्या हाताला माग. जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून आप्पा दिवसभर बसायचे आणि धोटा डावीकडून उजवीकडं, उजवीकडून डावीकडं पळायचा. त्या खडखडाटात मी पाढे पाठ केले, त्यातच दुपारी झोपले. आवाज थांबला की आम्ही पोरं जागी व्हायचो. अजूनही दुपारी घर शांत झालं, की मला काहीतरी चुकल्यासारखं वाटतं आणि मी उगाच उठून मधल्या खोलीत जाऊन येते.

मग गल्लीत पॉवरलूम आले. आप्पांची सुती लुगडी नेसणाऱ्या बायका म्हाताऱ्या झाल्या, एकेक करून गेल्या, आणि त्यांच्या सुना गाऊनमध्ये आल्या. आप्पा मागावर बसायचे, पण नुसते. ताण्याचे उभे धागे लावलेले असायचे आणि धोटा हातात धरून ते रस्त्याकडं बघत असायचे. विणकराला बाकी काही करायला सांगणं म्हणजे त्याचा पाणउतारा, म्हणून आम्ही कुणी काही बोलत नव्हतो. आई तेवढी मुद्दाम भांडी आपटायची, घरात काहीतरी आवाज असावा म्हणून.

त्याच सुमारास आमच्या प्रयोगशाळेत धारवाडकडचे एक साहेब आले. हुशार माणूस, पण बोलायला लागले की कुठल्या भाषेत सुरू केलंय हे त्यांनाच आठवायचं नाही. त्यांनी सांगितलं, जमिनीचा आंबटपणा, नत्र, पालाश आपण मोजतो. पण जमीन जिवंत आहे का, हे कुठं मोजतो? मातीत गांडुळं असतात, डोळ्यांना न दिसणारे जीव असतात, बुरशी असते. ती सगळी मिळून पालापाचोळा खातात आणि त्याची पुन्हा माती करतात. खाणारं तोंड आहे की नाही हे बघायचं तर काहीतरी खायला घालावं लागतं. साधं सुती कापड पुरायचं, ठरलेले आठवडे थांबायचं, काढून हलक्या हातानं धुवायचं आणि वजन टांगून बघायचं. लगेच फाटलं तर जमीन जिवंत. जसंच्या तसं निघालं तर जमीन उपाशी बसलेली नाही, मेलेली आहे.

पहिलं कापड बाजारातून आणलं. दुकानदार म्हणाला, शंभर टक्के कॉटन. काढून बघतो तर सूत कुजलेलं आणि पॉलिएस्टरची जाळी शाबूत. साहेब कपाळाला हात लावून म्हणाले, ‘चोख सुती कुठं मिळतंय की ओ, बाई?’ आणि माझ्या तोंडून निघून गेलं, ‘माझे वडील विणतात.’

घरी सांगायला मात्र मला धीर करावा लागला. आप्पांनी आधी कौतुकानं ऐकलं. सरकारी ऑर्डर म्हटल्यावर मान ताठ झाली.

‘काठ कसला पायजे?’

‘काठ नको, आप्पा. साधं पांढरं.’

‘बिनकाठाचं? आणि नेसणार कोण त्ये?’

‘नेसायचं नाही. जमिनीत पुरायचंय.’

‘म्हंजे मढ्याचं कापड इनायला सांगतीस व्हय गं मला?’

मी सगळं समजावलं. जीव, बुरशी, आंबटपणा. त्यांनी एवढंच विचारलं, ‘आनि कुजलं तर तुमचं काम झालं म्हनायचं?’ मी हो म्हटलं. ‘उलटंच हाय सगळं,’ असं म्हणून ते उठले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी माझी झोप मोडली ती मागाच्या आवाजानं. स्वयंपाकघरात आई पदरानं डोळे पुसत होती आणि कांदा तर तिनं अजून चिरायलाही घेतला नव्हता.

काठ नको सांगूनही त्यांनी कडेला लाल सुताची एक बारीक रेघ ओढलीच. ‘कडा नसली की कापड उघडं दिसतंय,’ म्हणाले. साहेबांनी चालेल म्हटलं.

पहिल्याच खेपेला फजिती झाली. विणताना ताण्याच्या सुताला खळ लावावी लागते, नाहीतर सूत तुटतं. ही भाताची खळ मी कापडातून धुऊन काढायला सांगितली होती. आप्पांनी धुतली. आणि मग गिऱ्हाइकाला असं लोळागोळा कापड कसं द्यायचं म्हणून, मला न सांगता, पुन्हा छान कडक खळ दिली, इस्त्री केली आणि घडी घातली. कापड हाताला कडक लागलं, पण मला वाटलं, बापाचा हातच तसा आहे. आम्ही ते जिथं जिथं पुरलं तिथं तिथं वाळवीनं आणि मुंग्यांनी सणासारखं खाल्लं. विटांच्या भट्टीमागची भाजलेली जमीनसुद्धा आमच्या हिशेबानं जिवंत निघाली. साहेब खूश होऊन अहवाल लिहायला बसणार, तेवढ्यात मी उरलेल्या पट्टीचा वास घेतला. पेजेचा वास. साहेबांना सांगितलं तेव्हा ते इतके हसले की त्यांचा चष्मा पडला. आप्पा मात्र हसले नाहीत. ‘गिऱ्हाइकाला बिनखळीचा माल आमच्या घरातनं कधी गेला न्हाय,’ एवढंच म्हणाले, आणि कापडाच्या पुढच्या थानापासून मुकाट्यानं धुऊन देऊ लागले.

आता त्या माळाबद्दल सांगते. खानापूरच्या पुढं नंदगडच्या अंगाला एक गाव आहे. नाव लिहीत नाही, नाहीतर गावचे लोक मला जाब विचारायला येतील. गावाचं गायरान म्हणजे लांबच लांब तांबडा उतार. कचेरीच्या कानडी कागदावर त्याला गोमाळ म्हणतात, पण गुरांना काय, ती दोन्ही भाषांत उपाशीच होती. आमच्या त्या बाजूला पाऊस एवढा पडतो की जमिनीतला चुना धुऊन खाली वाहून जातो आणि माती आंबट होते. आंबट मातीत गवत येतं, पण कुसळाचं, गुरं तोंड न लावणारं. गांडूळ तर अशा जमिनीकडं फिरकतसुद्धा नाही. वरचा उतार उघडा बोडका होता. खाली ओढ्याकडं मात्र एक जुनं थोरलं जांभळीचं झाड आणि त्याच्या सोबतीला ऐन-किंजळाची चार झाडं. तिथं गावची गुरं दुपारची बसायची. अशा जागेला गोठण म्हणतात. शेण, मूत, पाला, सावली, सगळं एका जागी.

वरच्या उतारावर आप्पांचं कापड घातलं आणि काढलं तर तांबड्या मातीचे डाग सोडले तर नवंकोरं. घरी आले तर आप्पा दारातच.

‘टिकलं का?’

‘टिकलं, आप्पा.’

त्यांचा चेहरा असा उजळला की जमीन मेलेली आहे हे सांगायचा मला धीर झाला नाही. त्यांनी ती पट्टी धुतली, उन्हाला धरून बघितली आणि शेजारच्यांना दाखवून आले. त्यानंतर दर खेपेला तोच प्रश्न. मी कापड कुजावं म्हणून देव पाण्यात घालत होते आणि माझा बाप ते टिकावं म्हणून.

साहेबांनी गायरानावर चुनखडीची भुकटी टाकायची ठरवली. बागलकोटकडून ट्रक आले तेव्हा गावकरी जमले. त्यांत पुढं हौसाक्का. चार म्हशींची मालकीण आणि गायरानाच्या बाबतीत गावाचं तोंड. कमरेवर हात ठेवून म्हणाली, ‘आजवर सरकार आमास्नी चुना लावत आलंय. आता जमिनीलाबी लावतंय व्हय?’ साहेबांना तो टोमणा समजला नाही. ते गंभीरपणे म्हणाले, ‘होय हो, जमिनीलाच लावायचा.’ लोक पोट धरून हसले आणि त्या हसण्यातच काम सुरू झालं.

पुढच्या पावसाळ्यात उतारावर मऊ गवत आलं. कापड विरलं. हौसाक्कानं मला घरी नेऊन खरवस खायला घातला. पण उन्हाळ्यात पुन्हा पट्ट्या घातल्या तर वरच्या उतारावर त्या परत कडक, नव्यासारख्या निघाल्या. चुन्यानं आंबटपणा गेला होता, पावसात जीवही आले होते, पण एप्रिलचं ऊन त्या उघड्या तांबड्या मातीला तव्यासारखं तापवत होतं. वळवाचं पाणी पडलं तरी घटकाभरात उडून जायचं. खायला पाला नाही, लपायला सावली नाही. आलेले जीव राहणार कुठं? आणि खाली जांभळीच्या गोठणीत, जिथं आम्ही थोडाच चुना टाकला होता, तिथं भर उन्हाळ्यातसुद्धा कापडाच्या नुसत्या दशा निघाल्या.

साहेब म्हणाले, चुन्याबरोबर झाडं पाहिजेत. उतारावर शेवरी, पांगारा, जांभूळ लावू.

हौसाक्का उसळली. ‘झाड एक लावायचं न्हाय!’

‘का वं?’ मी विचारलं.

‘आज तुमी झाडं लावताय. उद्या ती वाढली की फॉरेस्टवाले येतील, म्हंतील ह्ये जंगल हाय, गुरं घालायची न्हाईत. माळ हाय तवर आमचा हाय, बाई. बोडका हाय म्हनून तर आमच्याकडं ऱ्हायलाय.’

तिचं भय खोटं नव्हतं, त्या भागात अशी भांडणं सगळ्यांनी बघितलेली. साहेबांनी समजावलं, मी समजावलं, ग्रामसभा झाली, चहा झाला, हौसाक्का जागची हलली नाही. प्रकल्पाचं ते शेवटचं वर्ष होतं. तो उतार तसाच मरून जाणार आणि आपण नुसतं मोजून परत येणार, याचं मला इतकं वाईट वाटत होतं की घरी जेवण जाईना.

त्या उन्हाळ्यात पट्ट्या काढायच्या दिवशी आप्पा म्हणाले, ‘मीबी येतो. माझं कापड जातंय कुठं, एकदा डोळ्यांनी बघतो.’ जीपमध्ये पुढं बसून, टोपी हातात धरून आले. माळावर उतरल्यावर विणकराचे पांढरेफटक पाय त्या तांबड्या मातीत उठून दिसत होते. त्या पायांना खड्ड्याबाहेरचं ऊन कधी माहीतच नव्हतं.

वरच्या उतारावरची पट्टी काढली. शाबूत. लाल रेघसुद्धा जशीच्या तशी. आप्पांनी ती खांद्यावर टाकली. मग आम्ही जांभळीखाली गेलो. हौसाक्का म्हशींजवळ बसली होती. कुदळ बाजूला ठेवून मी हातानंच माती उकरली. काळी, ओलसर, हाताला गार. त्यात गांडुळं वळवळत होती. निळ्या नायलॉनची दोरी आम्ही खुणेसाठी बांधायचो, ती ओढल्यावर तिच्या टोकाला कापडाचा बोटभर चोळामोळा आला.

‘तुमचं कापड खाल्लं की ओ जांभळीनं!’ हौसाक्का हसून म्हणाली.

आप्पा खाली बसले. ते चोळामोळा झालेलं त्यांनी तळहातावर घेतलं, बोटांनी उलगडत राहिले. ‘ताना हाय थोडा. आडवा बाना गेला,’ असं पुटपुटले. मला वाटलं, आता रडतात की काय. मी त्यांना खूश करायला म्हणाले, ‘आप्पा, वरचं टिकलंय की.’

त्यांनी खांद्यावरची पट्टी काढून मांडीवर ठेवली आणि दोन्हीकडं बघत राहिले.

‘त्ये टिकलंय गं पोरी. पर कुनी वापरलं न्हाय म्हनून टिकलंय. माझ्या कपाटात धा लुगडी पडल्यात, तीबी टिकल्यात.’ मग हातातल्या दशा हौसाक्कापुढं धरून म्हणाले, ‘ह्ये बगा. ह्ये कुनीतरी नेसलं.’

हौसाक्कानं हात पुढं करून त्या दशा घेतल्या, पाहिल्या, आणि परत त्याच खड्ड्यात टाकून वर माती लोटली. आप्पांना घरी नेऊन तिनं ताक दिलं. दोघं लुगड्यांबद्दलच बोलत बसली. तिच्या लग्नातलं लुगडं शहापुरी होतं आणि त्याचा काठ कसा होता हे ती सांगत होती, आणि आप्पा डोळे मिटून त्या काठाचं नाव सांगत होते. मी इतक्या वर्षांत आप्पांना एवढं बोलताना ऐकलं नव्हतं.

झाडांचं एका दिवसात जमलं नाही. आप्पांच्या बोलण्यानं हौसाक्का विरघळली असं मी लिहिलं तर ती मला हाणील. तिनं अटी घातल्या. झाडं बांधाच्या ओळींनी, विरळ. जंगलासारखी गर्दी नाही. दर वर्षी फांद्या छाटून म्हशींना घालायचा हक्क गावाचा, आणि तो ग्रामसभेत ठराव करून. साहेबांनी सगळं कबूल केलं. पावसात रोपं लागली. चुन्याचा शेवटचा हात बसला. आणि प्रकल्प बंद झाला. पुढं काय झालं ते मोजायला आम्हाला कुणी पाठवलं नाही. सरकारी कामात झाडं लावण्यापुरती माणसं असतात, झाडं वाढल्यावर लागत नाहीत. साहेबांची बदली झाली. माझ्याकडं पुन्हा टेबलावरच्या मातीच्या पुड्या आल्या.

गिऱ्हाईक गेलं तरी आप्पा त्या बिनकाठाच्या कापडाचं शेवटचं थान विणत राहिले. डोळ्यांना दिसत नव्हतं, तुटलेला धागा ते बोटांनी शोधायचे. ‘तुमचं हापिस परत मागील की,’ म्हणायचे. थान पुरं व्हायच्या आधीच गेले. कापून निघालं ते हातभर कापड आणि एका कडेला लाल रेघ. माग मोडला, खड्डा बुजवला, वर फरशी घातली. आता तिथं नातवाची सायकल उभी असते. आई ती जागा ओलांडताना अजून पाऊल जरा लांब टाकते.

ते हातभर कापड मी कपाटात ठेवलं. निवृत्त झाल्यावर रिकाम्या दुपारी ते काढून बघायची. वास घ्यायची. त्याला कसलाच वास नव्हता, खळ मीच धुऊन काढली होती ना. वर्षं गेली तरी पांढरं, घट्ट, जसंच्या तसं. एक दिवस घडी घालताना आप्पांचंच बोलणं कानात आलं. हेही टिकलंय, कुणी वापरलं नाही म्हणून.

यंदा होळी झाल्यावर मी एकटीच एसटीनं त्या गावाला गेले. बरोबर कापड आणि निळ्या दोरीचा तुकडा. हौसाक्का आता काठी टेकत चालते, पण आवाज तोच. ‘बाई, म्हातारी झालीस गं,’ असं स्वागत केलं. आम्ही दोघी वरच्या उतारावर गेलो आणि मी थबकले. बांधाबांधानं पांगारे, शेवऱ्या, जांभळी. छाटून छाटून ठेंगणी झालेली, पण सावली धरणारी. खाली गवत. मध्ये मध्ये म्हशी बसलेल्या. गोठण खालून चालत वर आली होती.

‘फॉरेस्टवाले आले का?’ मी विचारलं.

‘आलते. ठराव दाखिवला. गेले.’

जिथं पहिली पट्टी शाबूत निघाली होती, तिथंच मी आप्पांचं कापड पुरलं. माती लोटताना हात मागं येत होता. एवढंच तर राहिलं होतं त्यांच्या हातचं. दोनदा काढावंसं वाटलं. भर उन्हाळ्याची परीक्षा होती आणि मला मनातून दोन्ही हवं होतं, कापडही आणि मातीही.

वळीव होऊन गेल्यावर परत गेले. हौसाक्का सोबत होती. माती हातानं उकरली. गार होती. दोरी सापडली, ओढली, अलगद आली. तिच्या टोकाला नुसती गाठ होती. गाठीत काहीच नव्हतं, लाल सूतही नाही. मी खड्डा रुंद केला, माती चाळली. एक जाडजूड गांडूळ निघालं आणि सावकाश परत आत गेलं.

‘टिकलं न्हाय व्हय गं?’ हौसाक्का काठीवर वाकून विचारत होती.

आप्पांचाच प्रश्न, त्याच सुरात. मी आयुष्यभर ज्याचं उत्तर देताना चाचरत आले, त्याचं उत्तर ऐकायला आता आप्पा दारात नव्हते. मी तिथंच मातीत बसले आणि मला रडू आलं. हौसाक्कानं मला रडू दिलं. मग मी मोठ्यानं सांगितलं, तिला नाही, ‘न्हाय आप्पा. न्हाय टिकलं. नेसलं कुणीतरी.’